ठेक्याविना

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा. राजेंद्रनगर, इंदूर.

आज 'द क्राय ऑफ लव्ह' सलग तीनदा ऐकला. अमेरिकन गिटारवादक-गायक जिमी हेंड्रिक्स १८ सप्टेंबर १९७० ला लंडनमध्ये वारला. वय अवघं २७. हा अल्बम आला मार्च १९७१ मध्ये. म्हणजे गाणी त्याची, पण कोणतं ठेवायचं, कोणतं गाळायचं, कशामागून काय लावायचं, हे ठरवलं ध्वनिमुद्रक एडी क्रेमर आणि ड्रमवादक मिच मिचेल यांनी.

इतके दिवस मी हा अल्बम मुद्दाम टाळत होते. त्याला कारण 'क्रॅश लँडिंग'. १९७५ च्या त्या अल्बममध्ये निर्माता अ‍ॅलन डग्लसने हेंड्रिक्सच्या साथीदारांचं वादन पुसून बऱ्याच ठिकाणी भाडोत्री वादकांकडून नवं वाजवून घेतलं. ते वादक हेंड्रिक्सला कधी भेटलेही नव्हते. ऐकताना गिटार एका खोलीत आणि बाकीचे दुसऱ्या खोलीत बसल्यासारखे वाटतात. मला त्याचा अजून राग येतो.

इथे तसं नाही. भर इथेही घातलेली आहे. 'ड्रिफ्टिंग'मधला व्हायब्राफोन, म्हणजे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य, हेंड्रिक्स गेल्यावर वाजवलेला आहे. पण लाटेवर हलकं ऊन पडावं तसा तो येतो आणि गिटारच्या मागेच राहतो. मिचेल वर्षानुवर्षं हेंड्रिक्ससोबत वाजवलेला माणूस. हेंड्रिक्स कुठे श्वास घेतो हे मिचेलला ठाऊक होतं. 'एंजल' ऐकताना तर मी हातातलं काम बाजूला ठेवलं. 'फ्रीडम' आणि 'इझी रायडर' अंगात भिनतात. 'माय फ्रेंड' मात्र १९६८ चं, त्याची चाल आणि हवा दोन्ही वेगळ्या. ते इथे नको होतं. १९९७ चा 'फर्स्ट रेज ऑफ द न्यू रायझिंग सन' त्याच्या मनातल्या दुहेरी अल्बमच्या जवळ जातो म्हणतात, त्यात १७ गाणी आहेत. तरी मला हा आटोपशीर दहा गाण्यांचाच जास्त भावला.

आईच्या कपाटात इंदूर घराण्याचे ख्यालगायक उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या एका घरगुती मैफलीची कॅसेट आहे. प्रतीची प्रत, तिचीही प्रत. खाँसाहेब १९७४ मध्ये कोलकात्यात मोटार अपघातात गेले. इंदुरात त्यांच्या अशा टेपा घरोघरी फिरत राहिल्या. त्या कॅसेटमध्ये पंख्याची घरघर आहे, कुणीतरी मध्येच 'वाह' म्हणतं. ती घरघर काढून स्वच्छ करून घेऊ, असं मी एकदा म्हटलं होतं. आई तेव्हा दोन दिवस नीट बोलली नव्हती. आज डग्लसवर चिडताना मला तेच आठवत राहिलं.

शेवटचं गाणं 'बेली बटन विंडो'. आईच्या पोटातलं बाळ बाहेर डोकावून विचारतंय की मी यावं का, मी हवा आहे का. ऑगस्ट १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या त्याच्या स्वतःच्या स्टुडिओत मुद्रित झालेलं, मृत्यूच्या जेमतेम महिनाभर आधी. बेस नाही, ड्रम नाहीत, फक्त आवाज आणि गिटार. मिचेलला त्यावर ठेका धरता आला असता. त्याने नाही धरला. या अल्बममधली सगळ्यात मोठी गोष्ट माझ्या मते हीच.

तिसऱ्यांदा लावलं तेव्हा आई दूध विरजायला आली होती. पातेलं हातात घेऊन दारातच थांबली.

"हा गेलाय ना गं?" तिने विचारलं.

"हो, पन्नासहून जास्त वर्षं झाली."

"परत लाव," म्हणाली, आणि पातेलं ओट्यावर ठेवून खुर्ची ओढून बसली.