कोरडा रॉड सगळ्या टेस्टमध्ये पास

आमच्याकडे पल्ट्रुजनवर, म्हणजे धागे रेझिनमधून ओढत रॉड बनवायच्या मशीनवर, काच आणि इपॉक्सीचे रॉड निघतात, विजेच्या तारा धरणाऱ्या कॉम्पोझिट इन्सुलेटरच्या आत असतात ते. बाहेरून दिसतं सिलिकॉन रबर, पण वायरची सगळी ओढ आतल्या रॉडवर. क्रीलवरून, म्हणजे बॉबिनच्या रॅकवरून, काचेचं रोव्हिंग (बारीक धाग्यांचा जुडगा) येतं, रेझिनच्या, म्हणजे इपॉक्सीच्या, बाथमधून गरम साच्यात, डायमध्ये, जातं आणि पलीकडून रॉड बाहेर, बस्स. मी क्यूसीला, म्हणजे क्वालिटी तपासायला आहे.

मागच्या पावसाळ्यात परचेसने रोव्हिंगचा सप्लायर बदलला. किलोमागे थोडे पैसे वाचत होते आणि परचेसला तेवढंच दिसतं. टेक्स, म्हणजे एक किलोमीटर रोव्हिंगचं ग्रॅममधलं वजन, तेच 4800, फिलामेंटची जाडी तीच, डेटाशीटवर पॉलिस्टर, व्हिनिल इस्टर, इपॉक्सी सगळ्याला चालतं असं छापलेलं. रॉड पण काय देखणे निघाले! डाय पेनिट्रेशनला (ही डाय म्हणजे रंग, साचा नव्हे; रॉडमध्ये बारीक फटी आहेत का ते बघायची टेस्ट) 10 मिमीचे तुकडे स्टीलच्या गोळ्यांवर उभे करून खाली फुक्सिनचा रंग ठेवतात, 15 मिनिटांच्या आत रंग वरच्या तोंडाला आला की नापास. आमचे सगळे पास. शॉर्ट बीमवर, म्हणजे आखूड तुकडा मधोमध दाबून, शिअर स्ट्रेंग्थ (आतले थर एकमेकांवर घसरू न देण्याची ताकद) जुन्या मालाच्या बरोबरीने. सगळे खूश.

राहिलं वॉटर डिफ्युजन, पाणी आत शिरतं का ते बघायची टेस्ट. 30 मिमीचे सहा तुकडे 0.1 टक्का मिठाच्या पाण्यात 100 तास उकळायचे, म्हणजे चार दिवस भांडं गॅसवर नसलं तरी हीटरवर असतंच, मग पुसून 12 केव्ही लावायचे एक मिनिट, करंट 1 मिलिअँपच्या आत हवा. चार दिवस कोण थांबतो, माल त्याआधीच गाडीत चढतो. माल आधी पाठवायची ही पद्धत मला कधीच पटली नाही आणि मी ते मीटिंगमध्ये बोललोय पण. तर ह्या लॉटचे तुकडे व्होल्टेज वाढवता वाढवताच गेले, 12 पर्यंत पोहोचले पण नाहीत, एकाच्या कडेला काळी रेघ उमटली आणि जळका वास.

प्रॉडक्शनचं उत्तर तयार होतं, पावसाळा आहे साहेब, ओलावा. अगदीच फेकाफेकी नव्हती ती, इपॉक्सी घट्ट करणारा आमचा हार्डनर अनहायड्राइड जातीचा आहे, हवेतलं पाणी खाऊन त्याचं ॲसिड होतं आणि क्युअर, म्हणजे रेझिन कडक होणं, बिघडतो. म्हणून नवीन रोव्हिंग ओव्हनमध्ये वाळवून, हार्डनरचा सीलबंद ड्रम उघडून परत रॉड काढले. नापास. मग ऑपरेटर मामांनी स्टोअरच्या कोपऱ्यातून जुन्या सप्लायरचे शिल्लक बॉबिन शोधून आणले, बाथ तोच, डायचं टेम्परेचर तेच, पुलिंग स्पीड तोच. आरामात पास. मामांनी सुरुवातीलाच सांगितलेलं की हे रोव्हिंग हाताला वेगळं लागतंय, पण मामांचा हात कुठल्या रिपोर्टमध्ये बसत नाही ना.

म्हणजे उरला काचेवरचा साइझ. काचेचा धागा ओढतानाच त्यावर हे कोटिंग चढवतात, त्यात पापुद्रा धरणारा फिल्म फॉर्मर, घर्षण कमी करणारं ल्युब्रिकंट आणि थोडंसं सायलेन नावाचं रसायन. वजनात बघितलं तर सायलेन नगण्य, पण खरी पकड त्याचीच. त्याचं एक टोक काचेशी जोडलं जातं, दुसरं रेझिनशी, आणि ते दुसरं टोक रेझिन बघून निवडावं लागतं. पॉलिस्टरला मेथाक्रिलेटवालं चालतं, इपॉक्सीला अमिनो किंवा इपॉक्सी गटाचं लागतं. माझा अंदाज असा की नव्या मालात सगळा भर पॉलिस्टरवर होता आणि इपॉक्सी नुसतं छापलेलं. अंदाजच, कारण सप्लायर साइझची रेसिपी मेला तरी सांगत नाही. आम्ही रोव्हिंग 625 डिग्रीला जाळून वजन बघितलं तर साइझची टक्केवारी डेटाशीटप्रमाणे बरोबर. जाळून साइझ किती आहे ते कळतं, काय आहे ते राखेला विचारून कळत नाही.

ओळखीच्या कॉलेजमध्ये तोडलेले तुकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली घातले. जुन्या मालाच्या उकळलेल्या तुकड्यात धाग्यांना रेझिनचे कण चिकटलेले. नव्याच्या उकळलेल्या तुकड्यात धागे नागडे, गुळगुळीत, आणि रेझिनमध्ये त्यांच्या रिकाम्या खोबणी. पण मला अजून छळतोय तो तिसरा फोटो, नव्याच मालाचा कोरडा तुकडा, त्यात रेझिन छान धरून बसलेलं. क्युअर होताना आणि थंड होताना रेझिन आकसतं, धाग्याला चहूबाजूंनी आवळतं, त्यामुळे कोरड्यात नुसत्या घर्षणावरही स्ट्रेंग्थ बरी येते. पाणी आत शिरलं की खरं काय ते उघडं पडतं.

जे रॉड आधीच गेले होते त्यांचं आम्ही कस्टमरला लेखी कळवलं. त्यांच्या माणसाचा फोन आला, म्हणाला वरून सिलिकॉन आहे हो, पाणी कुठून जाणार. सिलिकॉनमधून पाण्याची वाफ जाते आणि टोकाचं सील कधीतरी सुटतंच हे मी त्याला सांगितलं, तो हो हो म्हणाला. लेखी उत्तर आजपर्यंत नाही. आता नवीन रोव्हिंग आलं की आधी थोडाच रॉड ओढून उकळायचा आणि मगच लॉट क्रीलवर चढवायचा, एवढं मी भांडून मंजूर करून घेतलंय. परचेसवाला तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतो.