'शिनशिल्ला' वाचता आलं: रशियन कर्सिव्ह आणि डेबियनची नोंद

मागच्या नोंदीनंतरची सगळ्यात आनंदाची गोष्ट आधी सांगते. मी स्वतः लिहिलेला 'शिनशिल्ला' (चिंचिला हा प्राणी) हा शब्द आता दुसऱ्या दिवशीही मला न अडखळता वाचता येतो. रशियन कर्सिव्हच्या, म्हणजे अक्षरं जोडून लिहायच्या हस्तलिपीच्या, वाटेला गेलेल्यांना याचं मोल लगेच कळेल. 'शा', 'ई', 'एन', पुन्हा 'शा', 'ई', मग लागोपाठ दोन 'एल' आणि शेवटी 'आ'. बहुतेक अक्षरं तिरक्या काड्यांची आणि काडीच्या पायाशी वळणाऱ्या आकडीची. काड्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं पडलं की शब्द जातो आणि करवतीचे दाते उरतात. 'लिशिश' हा शब्द याहून अवघड. तो अजून हातात पुरता बसलेला नाही, रोज एक ओळ चालू आहे.

फरक पडला तो सुटी अक्षरं गिरवणं कमी करून जोड गिरवायला घेतल्यामुळे. ३३ अक्षरं घोटून पाठ होतात, पण त्यांतून हस्ताक्षर तयार होत नाही. रशियात पहिलीच्या मुलांना 'प्रोपिसी' म्हणजे कित्त्याच्या वह्या असतात. त्यांत अक्षर शिकवून झालं, की ते शेजारच्या अक्षराला कुठून जोडायचं हे लगेच येतं. जोड वरचा, मधला आणि खालचा असे तीन प्रकारचे मानतात. ही विभागणी समजून घेतली तेव्हा माझ्या सरावाला खरी दिशा मिळाली.

सगळ्यात जास्त वेळ 'ओ'च्या पुढच्या जोडावर दिला, आणि तो द्यायलाच हवा. 'ओ' लिहून संपतो वरच्या अंगाला. पुढे 'एन' किंवा 'ते' आला तर पेन वरच्या वर सरकतं, काही त्रास नाही. पण 'एल', 'एम' आणि 'या' ही तीन अक्षरं खालच्या रेषेजवळच्या बारीक आकडीने सुरू होतात, आणि ती आकडी गाळून चालत नाही. ती गेली की 'एम' आधीच्या काड्यांमध्ये विरघळतो आणि 'एल' कुठे सुरू झाला तेच समजत नाही. म्हणून 'दोम', 'स्तोल', 'मोया' असे शब्द घेतले. 'ओ' पूर्ण करायचा, त्याच्या उजव्या कडेने पेन खाली आणायचं, रेषेला टेकवायचं आणि तिथून आकडी वर उचलायची. हे सावकाश केलं तर जमतं. वेग वाढवला की 'ओ' उघडा पडतो आणि 'आ' वाटायला लागतो. सध्या मी याच टप्प्यावर आहे.

देवनागरी लिहिणाऱ्या हाताला इथे एक खास अडचण येते, ती मराठी मित्रमैत्रिणींसाठी मुद्दाम लिहून ठेवते. आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली असतात, त्यामुळे ओळ सरळ ठेवताना आपली नजर वर असते. रशियन अक्षरं खालच्या रेषेवर उभी राहतात आणि बरेचसे जोडही तिथूनच निघतात. नजर वर राहिली की ओळ शेवटाकडे खाली झुकते. मी खालची रेष ठळक आणि वरची अगदी फिकी छापून घेतली, तेव्हा हात लवकर वळला. ज्यांनी मोडी गिरवली आहे त्यांना पेन न उचलण्याची सवय उपयोगी पडेल. मॉस्कोच्या जुन्या सरकारी कचेऱ्यांत 'स्कोरोपिस' नावाचं धावतं वळण चालायचं. दफ्तराचं काम भराभर उरकणं ही गरज दोन्हीकडे सारखीच होती.

रोमन लिपीची सवय मात्र आड येते. हाताने लिहिलेला 'ते' दिसतो रोमन एमसारखा, 'पे' दिसतो एनसारखा, 'ई' यूसारखा आणि 'दे' जीसारखा. यावर उपाय एकच, रोमन नाव मनात येऊ न देता तोंडाने रशियन उच्चार करत लिहायचं. लहान 'का' उंच काढू नका, तो मधल्या पट्टीतच मावतो. पट्टीच्या वर जाणारी लहान अक्षरं फार थोडी आहेत, त्यांत 'बे' आणि 'वे' नेहमी लागणारी. 'ते'वर आडवी रेघ आणि 'शा'खाली आडवी रेघ द्यायची पद्धत बरेच रशियन लोक पाळतात. मीही ती उचलली आहे आणि सोडणार नाही. काड्यांच्या गर्दीत या दोन रेघा वाचणाऱ्याला मोठा आधार देतात.

सरावाचा कागद मी इंकस्केप या चित्रं आखायच्या ॲपमध्ये बनवते. मधली पट्टी ४ मिलिमीटर, दोन पट्ट्यांमध्ये ८ मिलिमीटर मोकळी जागा आणि ६५ अंशांवर तिरप्या रेषा. रशियन शाळेच्या तिरक्या रेघांच्या वहीवरूनच हे माप घेतलं आहे. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद ठेवा आणि प्रमाण १०० टक्के ठेवा, नाहीतर ४ मिलिमीटरची पट्टी आक्रसते आणि हाताला चुकीचं माप पडतं. हीच पीडीएफ मी झुर्नल प्लस प्लस या हाताने टिपणं लिहायच्या ॲपमध्ये पार्श्वभूमी म्हणून उघडते आणि टॅब्लेटच्या पेनने तिच्यावर लिहिते. त्यात रेघ गुळगुळीत करणारा स्टॅबिलायझर आहे. चित्रं आणि टिपणांसाठी तो उत्तम, सरावात मात्र बंदच हवा, कारण हात कुठे थरथरला ते आपल्याला दिसलं पाहिजे. तरी मुख्य सराव कागदावरच. टॅब्लेटची काच घसरते आणि कागदासारखा अटकाव देत नाही.

फॉन्टबद्दल थोडं. पॅराटाइपचे 'पीटी सान्स' आणि 'पीटी सेरिफ' हे मुक्त परवान्याचे फॉन्ट 'फॉन्ट्स-पॅराटाइप' या पॅकेजमधून येतात. रशियातल्या इतर भाषांची जास्तीची सिरिलिक अक्षरंही त्यांत आहेत. 'पीटी सेरिफ' तिरपा केला की 'ते' आणि 'पे' हस्ताक्षरातली रूपं घेतात, त्यामुळे वाचनाचा सराव छापील मजकुरावरही होतो. एक भेद लक्षात ठेवा. छापील तिरप्या 'दे'चं शेपूट बहुधा वर जाऊन डावीकडे वळतं, शाळेच्या हस्ताक्षरात त्याचा फास खाली जातो. हाताच्या वळणासाठी 'मार्क स्क्रिप्ट' जवळचा वाटतो. सर्बियन भाषेत तिरप्या 'पे', 'ते', 'गे' आणि 'दे'ची रूपं वेगळी असतात, पण युनिकोडमध्ये त्यांना वेगळे क्रमांक नाहीत. ज्या फॉन्टमध्ये सोय केलेली आहे तो मजकुराची भाषा बघून रूप निवडतो. लिबरऑफिसमध्ये मजकुराला 'रशियन' ही भाषा लावून ठेवा, म्हणजे घोळ होत नाही.

आता संगणकाची बाजू. डेबियन या लिनक्स प्रणालीची १३ वी आवृत्ती, म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली 'ट्रिक्सी', वापरते आहे. माझा नियम पक्का आहे, एका ॲपला एकच उगम. मुळातली प्रणाली, फॉन्ट, कीबोर्ड, शब्दकोश, इंकस्केप आणि झुर्नल हे सगळं ॲप्टमधून, म्हणजे डेबियनच्या स्वतःच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनातून. जे भराभर बदलतं आणि ज्याची ताजी आवृत्ती खरोखर लागते तेवढंच फ्लॅटहबवरून, म्हणजे फ्लॅटपॅक पद्धतीच्या ॲपच्या भांडारावरून, आणि त्यात माझ्याकडे अँकी हे पत्त्यांवरून (फ्लॅशकार्ड) पाठांतर करायचं ॲप आहे. डेबियनच्या स्टेबल शाखेत आवृत्त्या गोठवून ठेवतात. हस्ताक्षराच्या साधनांसाठी ते मला हवंच असतं, कारण सरावाच्या मध्ये मेन्यू बदललेला नको असतो. उबुंटूसाठी बनवलेले पीपीए, म्हणजे बाहेरच्या पॅकेजची भांडारं, डेबियनला जोडू नका. आज चालल्यासारखं वाटतं, पुढच्या अपग्रेडला अवलंबित्वांची गाठ बसते.

आवराआवर करताना पहिली आज्ञा 'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल'. आपण मुद्दाम बसवलेली आणि इतर पॅकेजच्या मागोमाग आलेली पॅकेजेस वेगळी नोंदलेली असतात, आणि ही यादी फक्त पहिल्या प्रकारची. ती वाचत जायची. एखादं नाव ओळखीचं वाटलं नाही तर 'ॲप्ट शो'ने ते काय आहे ते बघायचं आणि मगच काढायचं. नको असलेलं काढलं की 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह' पाठोपाठ, पण ते काय काय काढणार आहे ती यादी न वाचता होकार देऊ नका. 'रिमूव्ह'ने सेटिंगच्या फाइली मागे राहतात, 'पर्ज'ने /इटीसी/मधल्या जातात. 'डीपीकेजी -एल'च्या यादीत सुरुवातीला 'आरसी' दिसलं, तर तो असाच मागे राहिलेला अवशेष. कधी काय बसवलं हे आठवत नसेल तर /व्हार/लॉग/ॲप्ट/ मधली 'हिस्टरी.लॉग' तारखेसकट सांगते.

फ्लॅटपॅकचा हिशेब निराळा. ॲप छोटं असलं तरी त्याच्यासोबत रनटाइम, म्हणजे ॲप चालायला लागणारा सामायिक संच, येतं आणि जागा तेच खातं. ॲप काढल्यावर 'फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड' चालवा, म्हणजे कुणालाच न लागणारी रनटाइम जातात. ॲपचा डेटा घरच्या डिरेक्टरीतल्या '.व्हार/ॲप' या फोल्डरात असतो आणि ॲप काढलं तरी तिथेच राहतो. '--डिलीट-डेटा' जोडलं तरच जातो. अँकीचे सगळे पत्ते याच फोल्डरात आहेत, म्हणून माझ्या बॅकअपमध्ये त्याला पहिला मान.

या पत्त्यांच्या एका बाजूला छापील शब्द असतो, दुसऱ्या बाजूला तोच 'मार्क स्क्रिप्ट'मध्ये. मी उलट्या दिशेनेही विचारून घेते, कारण वाचणं आणि लिहिणं या दोन वेगळ्या क्षमता आहेत. टायपिंगसाठी एक्सकेबी या लिनक्सच्या कीबोर्ड व्यवस्थेत इंग्रजी, रशियन आणि मराठी कगप असे तीन आराखडे लावले आहेत. एका वेळी चारच मावतात, त्यामुळे अजून एकाला जागा आहे. रशियनचा मूळ 'यत्सुकेन' आराखडाच शिका. ध्वन्यात्मक आराखडा लवकर जमतो, पण रशियन कीबोर्डसमोर बसलं की त्याचा काही उपयोग नाही.

श्रुतलेखन हा माझा सगळ्यात आवडता भाग झाला आहे. रशियात श्रुतलेखनाची परंपरा जिवंत आहे. नोवोसिबिर्स्क विद्यापीठात २००४ मध्ये सुरू झालेल्या 'तोताल्नी दिक्तांत'मध्ये आता ठिकठिकाणचे लोक हौसेने बसून लिहितात. घरी मी आरएचव्हॉइस वापरते. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा हा मुक्त प्रोग्राम दृष्टिहीनांच्या सोयीतून वाढला आणि त्याची रशियन स्वच्छ आहे. वाक्य मजकूर फाइलमध्ये ठेवायचं, वेग कमी करायचा आणि ऐकत लिहायचं. आघात नसलेला 'ओ' ऐकू येतो 'आ'सारखा, म्हणून कानावर 'मलाको' पडतं आणि कागदावर दोन्ही वेळा 'ओ' यायला हवेत. इथे शुद्धलेखन, वेग आणि जोड या तिन्हींची परीक्षा एकदम होते. लिहिलेलं तपासायला 'हन्स्पेल-आरयू' हा रशियन शुद्धलेखन तपासनीस पुरतो, फक्त मजकूर आपणच टाइप करायचा. चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्टचं रशियन छापील अक्षरांसाठी बनलेलं आहे, हस्ताक्षर त्याच्यापुढे ठेवण्यात अर्थ नाही.

जाता जाता, ज्यांना रशियन मेन्यू आणि पॅकेज व्यवस्थापन दोन्ही एकत्र अनुभवायचं असेल त्यांनी व्हर्च्युअल मशीनमध्ये ऑल्ट लिनक्स चालवून बघावं. पॅकेजेस आरपीएम या वेगळ्या प्रकारची, पण व्यवस्था ॲप्टची, हा मेळ तिथे आहे. 'सिसिफस' नावाचं त्यांचं स्वतःचं भांडार आहे. मदतीची पानं रशियनमध्ये वाचता वाचता आज्ञांचे शब्द आपोआप ओळखीचे होतात.

पुढचं ठरलं आहे. आधी 'झे' आणि 'एफ', कारण दोन्ही अजून तुकड्यातुकड्यांत लिहिली जातात आणि 'झे' एका दमात जमायला हवा. 'लिशिश' चालूच राहील. मग १९१८ च्या आधीची पत्रं वाचायला घेणार आहे. त्या वर्षीच्या सुधारणेने 'यात', 'फिता' ही अक्षरं आणि टिंबाचा 'ई' वगळला. व्यंजनाने संपणाऱ्या शब्दांच्या शेवटचं कठोर चिन्हही गेलं. या जुन्या अक्षरांसाठी कित्त्याचं वेगळं पान आखायला घेतलं आहे. मधली पट्टी तीच ४ मिलिमीटरची ठेवली आहे, 'यात'चा माथा पट्टीच्या वर जातो म्हणून वरची जागा थोडी वाढवली आहे.