रायफलचा परवाना आणि जुनी नोंद

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात मी जीपी आहे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतली फॅमिली डॉक्टर. एक्समूरचं माळरान आमच्यापासून जवळ. पेशंटांमध्ये मेंढपाळ, शेतकरी आणि मोठ्या इस्टेटींवरचे गेमकीपर, म्हणजे शिकारीचे पशुपक्षी आणि रान राखणारे, भरपूर, त्यामुळे रक्ताच्या रिपोर्टांबरोबर बंदुकीच्या परवान्याचे फॉर्मही येत असतात. अर्जदाराला काही मानसिक वा मेंदूचा आजार, दारूचं किंवा ड्रग्जचं व्यसन आहे का, पूर्वी होतं का, हे जुन्या नोंदी चाळून पोलिसांना कळवायचं. आमच्यातल्या एका सहकाऱ्याला तत्त्व म्हणून हे फॉर्म हाताळायचेच नसतात, म्हणून त्याच्या वाट्याचेही माझ्याकडे येतात.

त्या दुपारी आलेल्या फॉर्मवरचं नाव ओळखीचं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) एकोणीस वर्षांचा मुलगा, एका इस्टेटीवर गेमकीपरच्या हाताखाली काम शिकणारा. हरणांसाठी पहिली रायफल घ्यायची होती, टू-फोर-थ्री बोअरची.

शिकार म्हटलं की आपल्याला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आठवतो. इथली परिस्थिती उलटी. लांडगे आणि लिंक्स ही मोठी रानमांजरं शतकांपूर्वी संपली, हरणांना खाणारं कुणी उरलं नाही. ती रोपवनं फस्त करतात, रात्री गाड्यांसमोर येतात. त्यामुळे ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या ताकदीच्या रायफलनं ती मारणं हे रीतसर काम आहे. मांस विकलं जातं.

रायफल मिळणं मात्र सोपं नाही. इथल्या १९६८ च्या बंदूक कायद्यानुसार ती कशासाठी हवी, याचं सबळ कारण अर्जदारानंच दाखवायचं. ज्या जमिनीवर शिकार करणार तिथल्या मालकाची परवानगी लागते. किमान दोन वर्षं ओळखणाऱ्या दोघांची ग्वाही लागते, नातेवाईक चालत नाहीत. मग पोलिसांचा माणूस घरी येतो, भिंतीत बोल्टनं ठोकलेलं पोलादी कपाट बघतो, किल्ली कुठे ठेवणार ते विचारतो. हा मुलगा आईबरोबर राहतो. किल्ली कुठे आहे हे आईलासुद्धा माहीत असता कामा नये. प्रमाणपत्रावर बंदुकीबरोबर काडतुसांचा आकडाही लिहिलेला असतो, त्याहून जास्त जवळ बाळगायची नाहीत.

सिंधुदुर्गात माझ्या मामाकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. रानडुकरांसाठी. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, संपली की परत यायची. मामाला रात्री झोप लागते का, असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

इथेही हा प्रश्न सक्तीचा झाला तो अलीकडेच. १२ ऑगस्ट २०२१ ला आमच्याच परगण्यातल्या प्लिमथ शहरात, कीहॅम भागात, एका तरुणानं परवान्याच्या शॉटगननं पाच जणांना मारलं आणि नंतर स्वतःला. मेलेल्यांत तीन वर्षांची मुलगी होती. त्याची बंदूक पोलिसांनी आधी काढून घेतली होती आणि जुलैमध्येच परत दिली होती. त्या नोव्हेंबरपासून डॉक्टरच्या माहितीशिवाय परवाना द्यायचा नाही असं ठरलं. म्हणून हा फॉर्म म्हणजे नसती कटकट, असं मी कधी म्हणणार नाही.

मुलाची फाइल उघडली. सतराव्या वर्षी त्याचा जिवलग मित्र शेतातल्या क्वाडबाइकखाली गेला. त्यानंतर काही आठवड्यांनी तो एकटाच माझ्याकडे आला होता, आईला न सांगता. झोप नाही, भूक नाही, जगावंसं वाटत नाही. अशा वेळी विचारावंच लागतं, तसं मी विचारलं होतं, की काही ठरवलं आहेस का. उत्तर माझ्याच शब्दांत स्क्रीनवर होतं: 'कामावरच्या बंदुका.' त्या दिवशीच किशोरांच्या मानसोपचार पथकाला फोन, आईला बोलावणं, मालकाकडून किल्ल्यांची व्यवस्था बदलून घेणं, सगळं झालं. पुढे गोळ्या, समुपदेशन. गोळ्या थांबून वर्षाहून जास्त काळ लोटला होता आणि मधल्या नोंदीत फक्त घसादुखी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन.

फॉर्म एकटीनं भरून पाठवता आला असता. मी त्याला बोलावलं.

तो खांदे रुंदावून आला होता. लपवण्यासारखं त्यानं काही ठेवलंच नव्हतं. अर्जात स्वतःहून 'होय' लिहिलं होतं, मित्राच्या मृत्यूसकट. मी सांगितलं की त्या दिवशीचं वाक्यही मला कळवावं लागेल. त्यानं मान डोलावली. मग विचारलं,

"त्या दिवशी मी तुमच्याकडे आलोच नसतो, तर?"

"तर फाइलमध्ये काही नसतं."

"आणि परवाना लगेच."

"बहुतेक."

"मग बाकीचे म्हणतात ते बरोबरच आहे."

बाकीचे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. बंदूक असेल तर डॉक्टरकडे मनाचं काही बोलू नये, बोललास की गेली. माझ्याकडे यावर तयार उत्तर नव्हतं. तू आलास म्हणून आज इथे बसला आहेस, हे मनात आलं. पण ते मी बोलायचं वाक्य नव्हतं, त्याला ते माहीत होतं. उलट पुढचंही सांगावं लागलं: परवाना मिळाला तर त्याच्या फाइलवर तशी खूण राहील, आणि पुन्हा तशीच वेळ आली तर मला पोलिसांना कळवावं लागू शकेल.

"आधी मला सांगाल?"

"आधी तुलाच सांगेन."

निर्णय डॉक्टरनं द्यायचा नसतो. तो पोलिसांचा. तरीही त्या संध्याकाळी लिहिताना 'या मुलापासून धोका नाही' हे शब्द हाताशी आले होते. लिहिले नाहीत. पुढचं कुणाला दिसतं? फॉर्ममधली जागा आजाराचं नाव आणि तारीख लिहिण्यापुरतीच, म्हणून वेगळा कागद जोडला. ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं. त्याखाली लिहिलं, की मुलगा स्वतःच्या पायांनी आला, विचारल्यावर खरं बोलला, उपचार अर्धवट सोडले नाहीत, आणि या अर्जातही काही दडवलं नाही. माझ्या मते शेवटच्या दोन गोष्टींना आजाराच्या नावापेक्षा जास्त वजन आहे, पण मतासाठी कुणी फी देत नाही.

पोलिसांनी मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र मागवलं, आईशी बोलले, मालकाशी बोलले. बरेच महिने गेले. अखेर परवाना मिळाला. अट एक: अनुभवी माणूस बरोबर असल्याशिवाय हरणावर गोळी चालवायची नाही. नवख्यांना अशी अट घालतात, त्यामुळे ती आजारामुळे की वयामुळे हे कळायला मार्ग नाही. त्यानंही विचारलं नाही.

तो अनुभवी माणूस म्हणजे त्याचा वस्ताद, साठीचा गेमकीपर. माझ्याकडे वर्षानुवर्षं येणारा. हिवाळ्यात एकदा तो आला, टोपी हातात धरून बसला आणि म्हणाला, बायको गेल्यापासून रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. मी खुर्ची वळवली. तेवढ्यात त्यानं स्क्रीनकडे बघून विचारलं, "हे तुम्ही लिहिणार?"

"लिहावं लागतं," मी म्हटलं. "झोप येत नाही म्हणून कुणाची बंदूक काढून घेत नाहीत. पण तुम्ही सांगाल ते लिहीन."

तो जरा वेळ थांबला.

"मग आज गुडघाच बघा, डॉक्टर."

मी गुडघा बघितला. झिजला होता, वयाच्या मानानं फार नाही. व्यायाम सांगितले, आणि दोन आठवड्यांनी परत दाखवायला बोलावलं, सकाळची शेवटची वेळ देऊन, म्हणजे त्याच्यामागे कुणी ताटकळत नसेल. जाताना म्हटलं, येताना त्या पोराला घेऊन या, गाडी तो चालवेल.