दिवा चालू होता

आमच्या अँब्युलन्सचे पायलट मामा ड्युटी बदलताना एक काम कधीच चुकवत नाहीत. गाडी चालू करायची, दिवा लावायचा, खाली उतरून चारी बाजूंनी फिरून बघायचं. मग सायरन. मग डिझेल. ऑक्सिजनचं सिलिंडर, सक्शन (घशातला कफ ओढायचं यंत्र), अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) मी बघते, ते माझं खातं. (१०८ च्या अँब्युलन्सवर ड्रायव्हरला पायलट म्हणतात. नवीन माणसाला हे सांगितलं की तो हसतोच.)

एका हिवाळ्यात डावीकडचा दिवा लागेना. बाकीचे लागत होते. मी म्हटलं, "मामा, राहू द्या, सकाळी बघू." त्यांनी ऐकलं नाही. रात्री साडेनऊला ओळखीच्या वायरमनला घरून उठवून आणलं, फ्यूज बदलून घेतला, तेव्हा कुठे चहा घेतला. मी वैतागले होते. एवढ्याशा दिव्यासाठी केवढा तमाशा, असं मनात आलं होतं हे कबूल करते.

ते वैतागणं गेलं एप्रिल २०२५ मध्ये. रात्रपाळी होती, गाडी ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात उभी. संध्याकाळपासून एक डिलिव्हरी केस आणि हायवेवरचा एक मोटारसायकलवाला, एवढंच झालं होतं. मी मोबाइलवर बातम्या बघत होते. गाझामधल्या रफाह शहरातला एक व्हिडिओ त्या दिवशी सगळीकडे फिरत होता. चालत्या गाडीच्या पुढच्या काचेतून घेतलेला. पहाट व्हायची आहे, अंधुक रस्ता, पुढे अँब्युलन्सच्या गाड्या आणि आगीचा बंब. हेडलाइट लागलेले. वरचे दिवे फिरतायत. रस्त्याच्या कडेला एक गाडी वेडीवाकडी उभी दिसते, हे सगळे तिच्याजवळ थांबतात, चमकत्या पट्ट्यांची जॅकेटं घातलेली माणसं उतरतात. आणि गोळीबार सुरू होतो.

त्यानंतर चित्र काळं होतं, आवाज मात्र चालू राहतो. कित्येक मिनिटं. व्हिडिओ घेणारा तरुण पॅरामेडिक कलमा म्हणत असतो. आईला म्हणतो, मला माफ कर, लोकांना मदत करायची म्हणून हीच वाट मी निवडली.

मामा मागून बघत होते, मला कळलंच नाही. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, दिवा तर लागलेला हाय की."

मी तेव्हापासून या घटनेबद्दल मिळेल ते वाचलं. आमच्या कामाच्या माणसाला त्यात जे दिसतं, ते बातमीत नीट येत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

तारीख २३ मार्च २०२५. रफाहच्या तल अल-सुलतान भागात पहाटेच्या आधी हवाई हल्ल्यातल्या जखमींसाठी पॅलेस्टिनी रेड क्रेसेंटची (म्हणजे तिकडची रेड क्रॉस) एक अँब्युलन्स निघाली. तिच्यावर गोळीबार झाला, आतले दोघं गेले, तिसऱ्याला इस्रायली सैनिकांनी ताब्यात घेतलं. ती गाडी उत्तर देईना म्हणून तिला शोधायला दुसऱ्या अँब्युलन्स आणि सिव्हिल डिफेन्सचा, म्हणजे तिकडच्या अग्निशमन-बचाव दलाचा, बंब निघाला. व्हिडिओ आहे तो या दुसऱ्या ताफ्यातला. रस्त्याच्या कडेला वेडीवाकडी उभी असलेली गाडी म्हणजे त्यांच्याच माणसांची. त्यानंतर तिकडे आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या एका गाडीवरही गोळ्या झाडल्या गेल्या. एकूण १५ माणसं मेली. रेड क्रेसेंटची ८, सिव्हिल डिफेन्सची ६, संयुक्त राष्ट्रांचा १ कर्मचारी. त्यांना वाळूत पुरलं होतं, चेमटवलेल्या गाड्याही तिथेच गाडलेल्या. बहुतेक मृतदेह बाहेर काढायला ३० मार्च उजाडला.

आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात, आधी सीन सेफ आहे का ते बघा. विजेची तार पडलीय का, टँकर गळतोय का, जमाव आहे का. स्वतः जखमी झालात तर पेशंट एकाचे दोन होतील. नियम बरोबर आहे आणि मी तो पाळते. पण समजा कोणी वायरलेसवर सांगितलं की शेजारच्या लोकेशनची गाडी केसला गेली आणि अर्ध्या तासापासून फोन उचलत नाही. मी आणि मामा थांबू? सीन सेफ आहे का म्हणून विचारत बसू? त्या पहाटेची ती माणसं का उतरली, हे आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नाही. आपली गाडी दिसली की माणूस उतरतोच.

आणि उतरले तेव्हा दिवे बंद केले नव्हते, हे महत्त्वाचं.

कारण इस्रायली सैन्याने आधी सांगितलं होतं की गाड्या हेडलाइट आणि इमर्जन्सी दिवे न लावता संशयास्पदरीत्या पुढे येत होत्या. मग जमिनीतून काढलेल्या एका मृतदेहाजवळच्या मोबाइलमध्ये हा व्हिडिओ निघाला. तो एप्रिलच्या सुरुवातीला बाहेर आला आणि सैन्याला आपलं म्हणणं मागे घ्यावं लागलं. २० एप्रिलला त्यांचा चौकशीचा निष्कर्ष आला. व्यावसायिक चुका झाल्या, एका उपकमांडरला काढलं, त्याच्या वरच्या अधिकाऱ्याला लेखी समज दिली. मेलेल्यांपैकी सहाजण हमासचे होते असा दावाही केला, जो रेड क्रेसेंटने साफ नाकारला. त्या चुकांचं कारण सांगितलं ते असं की अंधारात नीट दिसत नव्हतं आणि रात्री बघायच्या दुर्बिणीतून अँब्युलन्सचे दिवे तितकेसे ओळखू येत नाहीत.

हे मी मामांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रात्री दिसावा म्हणूनच असतंय ना ते?"

हा दिवा नेमका काय करतो, हे मला वारीत कळलं. माझी आषाढीची ड्युटी दोनदा वाखरी ते पंढरपूर या पट्ट्यात लागली आहे. शेवटच्या टप्प्यात रस्ता असा नसतोच, माणसंच असतात. एका आजींना छातीत दुखायला लागलं, घाम फुटलेला, नाडी हाताला लागेना. मला वाटलं, इथून गाडी निघणं शक्य नाही. मामांनी दिवा लावला, सायरनचे दोन आवाज दिले, आणि समोरची दिंडी मधोमध फाटली. टाळ वाजवणारे तसेच वाजवत बाजूला सरकले, तुळशीवाल्या बायका पदर सावरत सरकल्या, कोणीतरी पुढे पळत "माऊली, गाडी, गाडी" असं ओरडत वाट करत गेला. आरशात बघितलं तर मागे गर्दी परत मिटलेली. कोणी कोणाला हुकूम दिला नव्हता. आत कोण आहे, कुठल्या गावचं, कुठल्या जातीचं, दिंडीत पैसे भरले होते की नाही, हे कोणी विचारलं नाही. विचारायचं नसतं, एवढंच त्या दिव्याचं काम.

नेहमीच असं होतं असं नाही हं. एका अपघाताच्या जागी आम्ही पोचलो तेव्हा उशीर झाला होता, मुलगा गेलेला. जमावातून दगड आला, मागची काच फुटली, मामांच्या कोपराला चार टाके पडले. मी तेव्हा स्ट्रेचरखाली वाकून बसले होते. त्या पाच मिनिटांत एवढंच डोक्यात होतं, अरे, आम्ही तुमचेच आहोत. रफाहशी या दगडाची तुलना करायची नाही मला, ती लाज वाटावी अशी तुलना होईल. पण आपण मदतीला आलोय हे समोरच्याला कळत का नाही, हा धक्का काय असतो तो मला तेवढ्यापुरता माहीत आहे.

दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर हे अर्धवट होईल. दिव्याचा गैरवापर होतो. २६/११ झालं तेव्हा मी शाळेत शिकत होते, आमच्या सोलापुरात त्या रात्रीची आठवण जास्त बोचरी आहे, कारण अशोक कामटे त्याआधी आमचे पोलीस आयुक्त होते. कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत करकरे, कामटे, साळसकर ज्या पोलिसांच्या क्वालिसमध्ये होते, तीच क्वालिस हल्लेखोरांनी पळवली आणि मेट्रो सिनेमाजवळ तिच्यातून लोकांवर गोळ्या झाडल्या. पोलिसांची गाडी येताना बघून कोण कशाला पळेल? भरवसा हत्यार म्हणून वापरला की असं होतं. २००२ मध्ये पॅलेस्टाइनच्या वेस्ट बँक भागात रामल्लाजवळ रेड क्रेसेंटच्याच एका अँब्युलन्समध्ये स्फोटकांचा पट्टा सापडल्याचं इस्रायलने सांगितलं होतं. आणि जानेवारी २०२४ मध्ये वेस्ट बँकमधल्याच जेनीनच्या इब्न सिना हॉस्पिटलमध्ये इस्रायली जवान डॉक्टर-नर्सच्या वेषात शिरले आणि तिघांना मारून निघून गेले. कोणी केलं यावरून माझं मत बदलत नाही. पांढरा कोट घालून जो बंदूक चालवतो, तो पुढच्या प्रत्येक पांढऱ्या कोटावर संशय ठेवून जातो.

पण १९४९ च्या जिनिव्हा करारात या संशयाचंही उत्तर लिहिलेलं आहे. वैद्यकीय पथक शत्रूला इजा करायला वापरलं जात असेल तर त्याचं संरक्षण जातं, पण आधी इशारा द्यावा लागतो, आणि तो ऐकायला पुरेसा वेळ. संशय आला तर थांबवा, झडती घ्या, माणसं उतरवा. आमची गाडीसुद्धा नाकाबंदीला थांबवतात की. मी दार उघडून आतला पेशंट दाखवते, हवालदार मान हलवतो, जाऊ देतो.

परवानगी घेऊन जा, असंही कोणी म्हणेल. तेही झालेलं आहे. २९ जानेवारी २०२४, गाझा शहर. हिंद रजब नावाची पाच-सहा वर्षांची मुलगी गोळ्यांनी चाळण झालेल्या कारमध्ये, मेलेल्या नातेवाइकांच्या मधे, फोनवर होती. रेड क्रेसेंटच्या कंट्रोल रूममधली बाई तिच्याशी तासन् तास बोलत राहिली. मला न्यायला या, असं पोरगी म्हणत होती. अँब्युलन्स अगदी जवळ होती, पण निघाली नाही, कारण इस्रायली सैन्याकडून रस्ता मंजूर व्हायचा होता. तो काही तासांनी मंजूर झाला. दोन पॅरामेडिक निघाले. बारा दिवसांनी, १० फेब्रुवारीला, लोक तिथवर पोचू शकले तेव्हा कारमध्ये हिंद मेलेली होती आणि थोड्याच अंतरावर ती अँब्युलन्स जळून पडलेली. परवानगी घेतलेली, रस्ता कळवलेला.

या प्रकरणात माझं मन सगळ्यात जास्त अडकतं ते त्या फोनवरच्या बाईपाशी. आमच्या कंट्रोल रूमचा कॉल येतो तेव्हा पलीकडे अशीच एक मुलगी बसलेली असते. "मॅडम, पेशंटचा श्वास चालू आहे, लोकेशन पाठवते." तिला फक्त एवढं खरं बोलता यायला हवं असतं की गाडी निघाली आहे. "गाडी निघाली आहे" हे वाक्य उच्चारून नंतर बारा दिवस गाडीचा पत्ता नसणं, हे मला कल्पनेतही धरवत नाही.

आईला माफी मागणाऱ्या त्या मुलाचं घरी सांगितलं नाही. माझी आई तशीही रात्रपाळीवरून भांडते. लहानपणी तीच आम्हाला डॉक्टर कोटणीसांची गोष्ट सांगायची, आपल्या सोलापूरचा डॉक्टर, १९३८ मध्ये बोटीने चीनला गेला, लढाईतल्या जखमींवर उपचार करत १९४२ मध्ये तिकडेच वारला. काँग्रेसने त्या पाच डॉक्टरांबरोबर अँब्युलन्सही पाठवली होती, हे मला अगदी अलीकडे वाचायला मिळालं. आईला ते सांगितल्यावर ती म्हणाली, "त्याच्या आईला कोणी विचारलं होतं का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

रफाहच्या ताफ्यातला एक पॅरामेडिक बेपत्ता होता, तो जिवंत निघाला. इस्रायलने त्याला धरून ठेवलं होतं, २९ एप्रिलला सोडलं. ती बातमी मी मामांना फोन करून सांगितली, माझी सुट्टी होती तरी. ते गाडी धूत होते, मागे पाण्याचा आवाज येत होता. "कामावर येणार का तो परत?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "येईल. पायलट असंल तर येईल."

काल ड्युटी घेताना ते उतरून गाडीभोवती फिरले. या वेळी मीही फिरले. समोर दोन, डावीकडे, उजवीकडे, मागे. मागचा जरा मंद वाटला. "मामा, हा बघा," मी म्हटलं. त्यांनी फडकं काढलं. धूळ होती.