हाओलाम अजून यायचाय

गुरुवारी पप्पांची वर्षी होती. प्रार्थनेची वेळ सातची, आणि सव्वासात वाजले तरी मशिदीत आम्ही आठच. ‘आम्ही’ आपलं सवयीने म्हणते. त्या आठांत मी नव्हते.

आधी ‘मशीद’चं सांगते, नाहीतर कमेंटमध्ये तोच प्रश्न येतो. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणत आली. मांडवीला सॅम्युअल स्ट्रीटवर आहे ती जुनी मशीद. कंपनी सरकारच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ साली त्यांनी ती बांधली. मस्जिद स्टेशनचं नाव तिच्यावरूनच पडलं, असं आमच्या घराघरात छातीठोकपणे सांगतात. दुसरं कोणी दुसरं काही सांगू लागलं तर आम्ही ऐकून घेतो आणि विसरून जातो.

आमची मशीद ती नव्हे. आमची भायखळ्याच्या बाजूची, लहानशी. पप्पा तिचे बावीस वर्षं गब्बाई होते, म्हणजे खजिनदार. पण खजिन्यात होतं काय? पंखे दुरुस्त करणं, दिव्याचं तेल आणणं आणि मिन्यान जमवणं, हेच त्यांचं खरं काम. मिन्यान म्हणजे तेरा वर्षांवरचे दहा पुरुष. दहा जमले नाहीत तर कद्दीश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही, तोराहची, आमच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी बाहेर काढता येत नाही. जे आलेत त्यांनी आपापली प्रार्थना म्हणायची आणि घरी जायचं.

पप्पांची एक वही होती. लाल कापडी पाठीची, हिशेबाची. तिच्यात आडनावांप्रमाणे नंबर: नवगावकर, चेऊलकर, तळकर, पेणकर, कोकणातलं एकेक गाव. २००२ मध्ये मुंबईचे फोन आठ आकडी झाले तेव्हा पप्पांनी रविवारभर बसून प्रत्येक नंबरापुढे हिरव्या शाईने ‘२’ लिहिला. समासात खुणा आहेत. ‘ठा’ म्हणजे ठाणे, ‘क’ म्हणजे कल्याण, ‘इ’ म्हणजे इस्राएल. गेलेल्या माणसाच्या नावावर एक बारीक आडवी रेघ. फुली कधी मारली नाही. वही शेवटाकडून चाळली तर आधी रेघा जास्त दिसतात. सुरुवातीच्या पानांवर मात्र नुसते ‘इ’, ‘इ’, ‘इ’.

देश स्वतंत्र झाला त्या सुमारास आमचे लोक वीस हजारांच्या आसपास होते. आता सगळ्या भारतात चार-पाच हजार असतील. आम्हाला कोणी हाकललं नाही, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. कोणी नोकरीसाठी गेलं, कोणी धर्मासाठी, कोणी आधी गेलेल्या बहिणीसाठी. माझ्या आत्या लोदला, भाऊ अश्दोदला. बाकीच्यांना नेलं ते घरांच्या किमतींनी. आग्रीपाड्यातली दहा बाय बाराची खोली सोडून ठाण्याला वन बीएचके घेतला. त्यात काय चुकलं? मीही तेच केलं.

पण आग्रीपाड्यात मिन्यान म्हणजे गॅलरीतून मारलेली हाक होती. पप्पा बनियनवर उभे राहून ओरडायचे, “दोन कमी आहेत रे!” आणि समोरच्या चाळीतून कोणीतरी टोपी शोधत खाली यायचं. आता हीच दोन माणसं आणायची तर एक कल्याणहून लोकलने येणार आणि दुसरा घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून. त्यात ठाण्याला १८७९ ची चांगली नांदती मशीद आहे, तिथे माणसं असतात. मग भायखळ्यापर्यंत कोण कशाला येईल? मीही कित्येक शुक्रवार ठाण्यालाच जाते. वर्षी मात्र इथेच करायची, हा माझा हट्ट.

पप्पा गेल्यापासून फोन मी करते. वहीवरून मोबाइलमध्ये नंबर घेतले, ग्रुप केला. ग्रुपवर ‘नक्की’ लिहिणारा माणूस येत नाही, हा चार वर्षांचा अनुभव. ‘बघतो’ लिहिणारा येतो. फोन सगळे मीच करायचे, मोजदादीत मात्र मला धरत नाहीत. पप्पांना हे टोचायचं की नाही, माहीत नाही. एकदा म्हणाले होते, “तू रोदेफ शालोमला जा, तिथे तुला धरतील.” रोदेफ शालोम ही आमच्यातल्या सुधारक मंडळींची. डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्ये तो पंथ मुंबईत आणला. कामा हॉस्पिटल चालवणारी बाई, प्रार्थनेत बायकांना वरच्या सज्जात बसवणं तिला कसं पटावं? मला सगळं पटतं. तरी गेले नाही. तिथल्या बाकावर पप्पांची जागा नाही, एवढंच कारण.

तर गुरुवारी सव्वासातला आठ. साडेसातला एक काका धापा टाकत आले. नऊ.

माणसं एक-दोन-तीन अशी मोजायची नसतात. पप्पा त्यासाठी स्तोत्रातली एक ओळ म्हणायचे, बरोब्बर दहा शब्दांची. होशिया, एत, अमेखा… माणसागणिक एक शब्द. ‘तुझ्या लोकांना तार’ अशी सुरू होते आणि ‘सदासर्वकाळ’पाशी संपते. नववा शब्द ‘अद’, दहावा ‘हाओलाम’. लहानपणी पप्पा आईला खालून ओरडून सांगायचे, “हाओलाम अजून यायचाय!” आणि मला वाटायचं, हाओलाम नावाचे कोणी काका आहेत, नेहमी उशिरा येणारे.

भाऊ व्हिडिओ कॉलवर होता. अश्दोदला तेव्हा दुपार. मी फोन तेबाच्या, म्हणजे प्रार्थना म्हणायच्या चौथऱ्याच्या, कठड्याला टेकवून ठेवला होता. हझ्झाननी, म्हणजे प्रार्थना म्हणवणाऱ्यांनी, बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. स्क्रीनवरचा माणूस धरत नाहीत. “म्हणजे आपण दोघंही बादच,” भाऊ म्हणाला. चाचा मागे उभे होते. मशिदीची राखण गेली तीस वर्षं त्यांच्याकडे, राहतात मागच्याच गल्लीत. शब्बाथला, शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विसाव्याच्या दिवशी, आम्ही दिवा लावत नाही, तो तेच लावतात. हळूच मला म्हणाले, “बेटा, मेरे को खडा कर दो ना, टोपी तो है ही.” नऊच्या नऊ माणसं हसली.

दहावा माणूस शेवटी मी पळवून आणला. आमच्यातलंच एक कुटुंब माझगावला राहतं, त्यांच्या मुलाचं बार मित्झ्वा, तेरा पूर्ण झाल्याचा विधी, दिवाळीच्या सुट्टीत झालं. त्याच्या आईला फोन केला. “अगं, तो मॅथ्सच्या क्लासला आहे. सरांनी सोडलं तर पाठवते.” सरांना काय सांगितलं देवाला ठाऊक. पावणेआठला पोरगा आला, पाठीला सॅक, बोटांना निळी शाई. चाचांनी त्याच्या डोक्यावर किप्पा ठेवला. दोघा-तिघांनी त्याच्याशी हातबोशी केली, हातात हात घेऊन मग आपली बोटं ओठांना लावायची तशी. पोरगा लाजून लाल.

कद्दीश हझ्झाननी म्हटलं. पोराचं ‘आमेन’ वर सज्जात मला वेगळं ऐकू येत होतं, कारण त्याचा आवाज फुटत होता.

नंतर मनुकांचं शरबत होतं. काळ्या मनुका मी आदल्या रात्री भिजत घातल्या होत्या, सकाळी हाताने कुस्करून, गाळून, स्टीलच्या बरणीतून लोकलमधून आणलं. या पोराने आधी विचारलं, “आंटी, हे कोशर आहे ना?” म्हणजे आमच्या धर्मात चालणारं. तो दर रविवारी हिब्रूच्या क्लासला जातो, त्याला माझ्यापेक्षा नियम जास्त माहीत. माझी आई योम किप्पूरला, आमच्या प्रायश्चित्ताच्या उपवासाला, मरेपर्यंत ‘दारफळणीचा सण’, म्हणजे दारं लावून घ्यायचा सण, म्हणायची, हा ‘दारफळणी’ ऐकून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मटणाच्या रश्श्यात नारळाचंच दूध का घालायचं, हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं; मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही म्हणून. तोवर वाटायचं, आपण कोकणातले म्हणून. आमच्या लहानपणी नियम असे स्वयंपाकात मुरलेले होते. ह्याला ते पुस्तकातून आलेत. बरं की वाईट, मला ठरवता येत नाही. शरबत मात्र त्याने तीन ग्लास प्यायलं.

घरी येऊन वही काढली. ‘म’च्या पानावर जागा होती, तिथे त्याचं नाव आणि आईचा नंबर लिहिला. समास कोरा.

आज सकाळी त्या आईचा मेसेज आला: ‘ताई, पुढच्या गुरुवारी त्याची युनिट टेस्ट आहे. शुक्रवारी चालेल का?’

‘बघते’ असं लिहून पाठवलंय.