नावाच्या पट्टीपलीकडे

आज आमच्या वॉर्डात रुजू झालेल्या नव्या परिचारिकांना गणवेश, अंबाडा, आखूड नखे आणि छातीवरची नावाची पट्टी यांविषयी बऱ्याच सूचना मिळाल्या. संसर्ग टाळण्याच्या दृष्टीने त्यांतल्या बहुतेक आवश्यकच आहेत, परंतु व्यावसायिक प्रतिमा तेवढ्यावर उभी राहत नाही, हे दुपारीच दिसले. सलाइन लावून घ्यायला ठाम नकार देणाऱ्या एका आजींपाशी त्यांतली एक मुलगी गेली, तिने स्वतःचे नाव सांगितले, “आजी, कोणत्या हाताला जास्त दुखतं?” असे विचारले आणि त्या बोलेपर्यंत ट्रे बाजूला ठेवून उभी राहिली. थोड्या वेळाने आजींनी आपणहून डावा हात पुढे केला.

इंग्लंडमधील डॉक्टर केट ग्रेंजर यांनी २०१३ मध्ये, स्वतः कर्करोगाच्या रुग्ण असताना, उपचार करणारे अनेक जण साधी ओळखही करून देत नाहीत या अनुभवातून ‘हॅलो, माय नेम इज’ ही मोहीम सुरू केली होती. आपल्याकडे डॉक्टर, सिस्टर, मामा आणि मावशी एवढ्यावर सगळा कारभार चालतो, त्यामुळे ती उणीव कुणाला फारशी जाणवतही नाही.

भावनिक समज म्हणजे सतत हसतमुख राहणे नव्हे (सलग रात्रपाळ्यांनंतर ते कुणाला जमेल?), ओरडणाऱ्या नातेवाइकाच्या आवाजातली भीती ओळखणे आणि त्याच क्षणी आपल्या मनात चढणारा रागही वेळीच लक्षात घेणे, हे त्यातले खरे अवघड काम आहे. पाळी बदलताना औषधांसोबत रुग्णाला कशाची धास्ती वाटते हेही सांगितले जावे, असे मी इन्चार्ज सिस्टरांना सुचवले आहे. त्यांनी अद्याप होकार दिलेला नाही.