ऑक्सिजन लावला तरी ८५

“मॅडम, पीधेलो छे,” म्हणजे प्यायलाय, मुकादम दारातूनच म्हणाला. त्याच्यामागे दोघांनी दंडाला धरून आणलेला तिशीचा लोडर. पाय लटपटत होते, बोलणं जड.

गुजरातमध्ये हे वाक्य साधं नाही. दारूबंदी आहे, त्यामुळे कारखान्यात कोणी पिऊन सापडला तर गेटपास जातोच, वर पोलिसांचं लचांड. म्हणून जेवणानंतर डोकं धरून बसलेल्या या माणसाला सोबत्यांनी ‘उतरेल’ म्हणत ड्रम यार्डाच्या शेडमागे झोपवून ठेवलं होतं. उतरेना, तेव्हा कुणीतरी लठ्ठ्याचं, म्हणजे विषारी गावठी दारूचं, नाव काढलं आणि मग सगळे धावत ओएचसीत, म्हणजे कारखान्याच्या दवाखान्यात, आले.

वडोदऱ्याजवळच्या एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या केमिकल प्लँटवर मी मेडिकल ऑफिसर होते. मुख्यालय युरोपात, इथली साइट त्यांच्या नकाशावर एक ठिपका. दांडिया बाजारातल्या माझ्या मावशीला शेवटपर्यंत वाटत राहिलं की फॅक्टरीत डॉक्टर म्हणजे पट्ट्या बांधायच्या आणि रजेचे दाखले द्यायचे. तेही करायचेच, नाही असं नाही.

तोंडाला दारूचा वास नव्हता. ओठ मात्र राखाडी-जांभळे, नखंही तशीच. पल्स ऑक्सिमीटरवर ८५. ब्रदरने, म्हणजे आमच्या पुरुष नर्सने, ऑक्सिजनचा मास्क लावला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, आकडा हलेना. छाती स्वच्छ, दम लागलेला नाही, विचारलेल्याला उत्तर देतोय. ८५ वर खरोखर उतरलेला माणूस एवढा शांत पडून राहत नाही.

हा आकडा आमच्या धंद्यात ओळखीचा आहे. हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं रूप बदलून त्याचं मेथेमोग्लोबिन झालं की ते ऑक्सिजन वाहून नेत नाही. शिवाय ऑक्सिमीटरचे लाल आणि इन्फ्रारेड असे दोन्ही प्रकाश ते जवळजवळ सारखेच शोषतं, म्हणून यंत्र ८५ च्या आसपास अडकून बसतं. सिरिंजमध्ये रक्त घेतलं, तर गडद चॉकलेटी. गॉजवर त्याचा एक थेंब टाकला, शेजारी ब्रदरने स्वतःच्या बोटाचा. ब्रदरचा थेंब लाल झाला. लोडरचा हवेत धरला, हलवला, तरी तपकिरीच राहिला.

आमच्याकडे हे करणारा पदार्थ एकच, ॲनिलिन नावाचं तेलकट रसायन. पण हा माणूस प्लँटमध्ये पाऊलही ठेवत नव्हता. त्याचं काम रिकामे ड्रम ट्रकवर चढवण्याचं.

कसं गेलं ते नंतर बघू, आधी अंगावरचं काढा. कपडे, मोजे, बूट सगळं प्लास्टिकच्या पिशवीत, आणि त्याला शॉवरखाली साबण लावून नखांच्या खाचांपर्यंत धुवायला लावलं. ॲनिलिन कातडीतून आत जातं. वरून औषध आणि खालून विष असं चालू ठेवण्यात अर्थ नाही.

औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. आमच्या अँटिडोटच्या कपाटात होतं. अडचण एवढीच की जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम जन्मतः कमी असेल तर त्याचा उपयोग होत नाही, उलट रक्तपेशी फुटतात. ॲनिलिन प्लँटमधल्या कायम कामगारांची ही तपासणी नोकरीला लागतानाच झालेली असते. कॉन्ट्रॅक्टच्या माणसाच्या फायलीत बाहेरच्या डॉक्टरचा ‘फिट’चा शिक्का, बस्स. आणि तपासणी करून रिपोर्टची वाट बघायला वेळ नव्हता.

मी मराठीत विचारलं, “गाव कोणतं, भाऊ?”

“नवापूरकडचा, मॅडम.” जरा थांबून, “देवाची शपथ, घेत नाही मी.”

“ठाऊक आहे मला. गावाकडे कधी मलेरिया झाला होता?”

“दोनदा.”

“चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या? सगळ्या घेतल्या?”

“घेतल्या ना. आशाताई रोज दारात यायची.”

“तेव्हा लघवी काळी झाली? डोळे पिवळे?”

“नाही काही.”

चौदा दिवसांच्या गोळ्या म्हणजे प्रायमाक्वीन. एन्झाइम कमी असलेल्याला ती बाधते. यानं दोनदा पचवली होती. लॅब रिपोर्टच्या तोडीचा पुरावा नव्हे, पण त्या घडीला मला तो पुरला. वजन साठ किलो, किलोला एक मिलिग्रॅम, म्हणजे एक टक्क्याच्या द्रावणाचे सहा मिली, पाच मिनिटांत सावकाश शिरेतून. “लघवी निळी-हिरवी होईल, घाबरू नका,” हे आधीच सांगून ठेवलं. अर्ध्या-पाऊण तासात ओठांवर रंग आला. मुकादम तोपर्यंत दारात उभा होता, मग दिसेनासा झाला. रात्री निरीक्षणासाठी ॲम्ब्युलन्सनं हॉस्पिटलमध्ये पाठवलं.

मग पिशवी उघडली. बूट जुन्या बाजारातून घेतलेले, चामड्याचे. तळाशी तेलकट तपकिरी डाग आणि कुजक्या माशासारखा तो वास. ‘रिकाम्या’ ड्रमात तळाला उरलेलं सांडलं होतं आणि चामड्यानं ते पिऊन घेतलं होतं. सेफ्टीवाल्यांनी यार्डाचे हवेचे रिपोर्ट दाखवले, मर्यादेच्या कितीतरी आत. मर्यादा २ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत दोन, पण तक्त्यात त्या आकड्यापुढेच ‘स्किन’, म्हणजे कातडीतूनही जातं, असा शेरा असतो, तो कोणी वाचत नाही.

संध्याकाळी एचआरचा फोन. “मॅडम, अल्कोहोल निघालं का?” मी सांगितलं की कामावर यायला फिट की अनफिट, एवढंच तुम्हाला मिळेल. पेशंटची माहिती मॅनेजमेंटला द्यायची नाही, हे ऑक्युपेशनल हेल्थच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या आचारसंहितेत १९९२ पासून आहे आणि आमच्याच मुख्यालयाच्या पॉलिसीतही. मात्र तो प्यायलेला होता ही अफवा मी तिथल्या तिथे खोडली. ते केलं नसतं तर गप्प राहण्यालाच लोकांनी होकार समजलं असतं.

पाठोपाठ साइट हेड. गेटवर ‘विना अपघात दिवस’ असा बोर्ड होता, आकडा बराच फुगलेला. “उद्या त्याला ऑफिसात खुर्चीवर बसवू या, म्हणजे लॉस्ट टाइम, कामाचा दिवस बुडालेला अपघात, धरायला नको.” शिरेतून औषध दिलं की केस ‘फर्स्ट एड’ राहत नाही, हे त्यांनाही माहीत होतं, वाचवायचा होता तो बोर्ड. ॲनिलिननंतर काही दिवसांनीही रक्तपेशी फुटू शकतात, म्हणून मी रक्ततपासणी आणि पाच दिवसांची विश्रांती लिहिली. मुख्यालयातल्या मेडिकल हेडला रात्रीच फोन केला. तिनं एकच विचारलं, बाकीच्या साइट्सवर ड्रम हाताळणाऱ्यांच्या पायात काय असतं?

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये गेले, तर लोडर हात जोडून म्हणाला, “मॅडम, लिहू नका काही. ठेकेदार काढून टाकेल.”

हे मात्र माझ्या हातात नव्हतं. तेव्हाच्या फॅक्टरी ॲक्टच्या ८९ व्या कलमाप्रमाणे असली विषबाधा डॉक्टरनं मुख्य कारखाना निरीक्षकांना लेखी कळवायचीच असे. न कळवल्यास दंड फार तर हजार रुपये होता, त्यामुळे किती डॉक्टर कळवत ते सोडा. मी त्याला दुसरं गणित सांगितलं. ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, कामामुळे अपघाताचा दिवस सोडून निदान तीन दिवस घरी बसावं लागलं तर पगाराच्या नव्वद टक्के मिळतात, पण अपघात कागदावर असेल तरच. लिहिलं नाही तर ठेकेदार या पाच दिवसांचे खाडे लावेल.

तो थोडा वेळ हिशेब करत बसला. “मग लिहा,” म्हणाला, “पण दारूचं नाही ना?”

बोर्ड शून्यावर आला. यार्डात चामड्याचे बूट बंद झाले, कॉन्ट्रॅक्टच्या लोकांनाही गमबूट आणि जी-सिक्स-पीडीची तपासणी सुरू झाली. गमबुटांचे पैसे कंपनीनं द्यायचे की ठेकेदारानं, यावर पर्चेसची पत्रापत्री मी नोकरी सोडेपर्यंत चालू होती.